हळदीचे हात, सोन्याची रेघ

आमच्या गावात सोनं यायचं ते जेवणाच्या डब्यातून. भिवंडीहून उस्ताद सायकलवर यायचे, हँडलला पितळी डबा लटकवलेला. वरच्या खणांत रोटी आणि डाळ, आणि सगळ्यात खालच्या खणात, जुन्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेली, अंगठ्याएवढी काळपट बाटली. तिच्यात सोन्याचं पाणी. "रस्त्यात कुणी लुटलं तर?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते दाढीतल्या दाढीत हसले. "भूखा आदमी ऊपर की रोटी पर ही रुक जाएगा बेटी. नीचे तक कौन जाता है!" उस्ताद फिरोजाबादचे. तिकडे बांगड्यांवर सोनं चढवायचे. भावामागे भिवंडीला आले, भाऊ लूमवर लागला आणि हे लूमच्या आवाजाला कंटाळून काचेकडे परत वळले. त्यांना नाव असणारच, पण आम्ही सगळ्या बायका त्यांना उस्तादच म्हणायचो आणि घरी येऊन त्यांची नक्कल करायचो.

कारखाना म्हणायचा, पण ती खरी जुन्या मागांची शेड होती. माग कुणीतरी विकले, आणि अंजूरच्या अलीकडे, गाव संपून खाडीकाठचं खाजण सुरू होतं तिथं ही लांबलचक पत्र्याची शेड रिकामी पडली. मुंबईच्या एका शेठनं ती घेतली आणि तिथं बाटल्या रंगवायचं काम सुरू केलं. लाकडी खोक्यांत, पेंढ्यात बसवलेल्या कोऱ्या बाटल्या ट्रकमधून यायच्या. ट्रक खाजणाच्या बांधावर आला की आधी त्या काचेची किणकिण ऐकू यायची, मग ट्रक दिसायचा. स्नोच्या पांढऱ्या कुप्या, नखं रंगवायच्या चिमुकल्या बाटल्या, अत्तराच्या निमुळत्या मानेच्या बाटल्या. कुणाच्या अंगावर गुलाबी फवारा मारायचा, कुणाच्या पोटावर हिरवं पान काढायचं, कुणाच्या खांद्याभोवती रेघ ओढायची. मग सगळा माल भट्टीत जायचा आणि रंग काचेत कायमचा मुरून बाहेर यायचा. आमच्या घरात स्नो कुणी कधी लावला नव्हता. आई उन्हानं फुटलेल्या गालांना खोबरेल चोळायची. पण मुंबईतल्या बायकांच्या आरशापुढे काय काय ठेवलेलं असतं ते मला सगळं ठाऊक होतं, फक्त रिकामं.

मी तिथं कोडवाली होते. सातवी झाली होती, इंग्रजी आकडे येत होते, नुकतीच साडी नेसू लागले होते. भट्टीत जायच्या आधी प्रत्येक बाटली उलटी करायची आणि तिच्या बुडाला रबरी शिक्क्यानं लॉटचा आकडा उठवायचा, हे माझं काम. आकड्याशेजारी जिनं ती रंगवली तिची खूण असायची, म्हणजे माल परत आला तर कुणाच्या हातचा ते कळावं. बहुतेकींना लिहिता येत नव्हतं, म्हणून ज्या त्या बाईनं आपापली खूण ठरवलेली. कुणाची फुली, कुणाची मासोळी, चंद्रीकाकीचा अर्धा चांद. आजही कुठली बाटली हातात आली की मी आधी तिचं बूड बघते. नात म्हणते, "आजी, अगं वास घे ना, खाली काय बघतेस?" तिला काय सांगायचं, की बाटलीचा चेहरा वर असतो आणि तिचं माहेर खाली लिहिलेलं असतं.

आमचं घर बाबा, आई, मी, धाकटा भाऊ आणि मथुराआत्या इतक्या जणांचं. मथुराआत्या बाबांची धाकटी बहीण. तिला गणेशपुरीच्या वाटेवरच्या एका गावात दिली होती, आणि लग्नाला पुरती दोन भातं निघायच्या आत नवरा तापानं गेला. ती परत आली ती थेट मागच्या पडवीत. तिथं उखळ होतं, जातं होतं, कोंबड्यांची डालगी होती, आणि आत्या होती. सकाळी मला जाग यायची ती तिच्या जात्याच्या घरघरीनं, आणि त्यामागून भाकरीच्या थापटण्याचा आवाज. आई तांदळाची भाकरी चांगली करायची, पण आत्याची भाकरी फिरत फिरत अशी गोल व्हायची की बाबा ती मोडायला जरा थांबायचे. भाकरीबरोबर जवळ्याची चटणी, किंवा खाडीतून निवट्या आल्या असल्या तर त्यांचं तिखटजाळ कालवण. खाताना आम्ही सगळे बडबड करायचो. आत्या वाढायची आणि आमचं झालं की पडवीत जाऊन एकटी जेवायची.

लग्नाआधी तिचा हात साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेला होता. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा तर मथुरालाच बोलावणं यायचं. दोरी नाही, पट्टी नाही, नुसत्या काडीनं ती अशी सरळ रेघ ओढायची की म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून बघत राहायच्या. हे मी आईकडून ऐकलेलं. मी मोठी झाले तोवर ते सगळं बंद झालं होतं. कपाळ पांढरं झालेल्या बाईनं चौकाला हात लावायचा नाही, हळदीला लावायचा नाही, नवरीच्या ताटाला लावायचा नाही. कुणी तिला तसं तोंडावर सांगितलेलं मला आठवत नाही. सांगावं लागत नव्हतं. वाजंत्री ऐकू आली की आत्या आपणहून डालग्यांपाशी जाऊन बसायची.

ती शेडमध्ये आली ती माझ्या विसरभोळेपणानं. मी भाकरीचं फडकं घरी विसरले आणि ते द्यायला ती दुपारी आली. दारातच थबकली. समोर उस्ताद रेघेच्या चाकावर बसले होते. चाक म्हणजे कुंभाराच्या चाकाचं लेकरू, वीतभर रुंद. त्यावर मधोमध बाटली ठेवायची, डाव्या हातानं चाक फिरवायचं, उजव्या हातातला कुंचला जागच्या जागी धरायचा, की बाटली आपली आपण रेघ ओढून घेते. ऐकायला सोपं आहे. आम्ही सगळ्यांनी करून पाहिलं होतं, आणि रेघेचं टोक रेघेच्या सुरुवातीला भेटता भेटता नेहमी खाली नाहीतर वर निघून जायचं. आत्या किती वेळ बघत उभी होती कोण जाणे. उस्तादांनी मान वर केली आणि स्टूल पायानं तिच्याकडे सरकवलं. "चलाओगी?"

ती नाही म्हणेल असं मला वाटलं. ती बसली. पदर खोचला, चाक एकदा रिकामंच फिरवून बघितलं, मग बाटली ठेवली. डाव्या हाताची करंगळी तिनं उंच, वेगळी धरली होती, चौक काढताना ओल्या पिठाला लागू नये म्हणून धरायची सवय असावी. चाक फिरलं. हिरवी रेघ निघाली, बाटलीच्या खांद्याला वळसा घालून आली आणि स्वतःला जिथल्या तिथं येऊन मिळाली. सांधा दिसेना. उस्तादांनी बाटली उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली आणि म्हणाले, "माशाअल्ला!" इतकी वर्षं ही बाई आमच्या घरात कोंबड्या झाकत होती, आणि तिच्या हातात हे असं सगळं तसंच्या तसं शिल्लक होतं.

बायका गप्प बसणार थोड्याच. चंद्रीकाकी आमच्या आळीतली, तोंडानं फटकळ पण अडीअडचणीला पहिली धावणारी. ती कुजबुजायची म्हणून जे बोलली ते शेडभर ऐकू गेलं. "नव्या नवऱ्या ह्या बाटलीतलं अत्तर लावतील, आन त्याच्यावर पांढऱ्या कपालाचा हात? बरं दिसतं काय गो?" आत्या उठायला लागली. उस्तादांना तितकं मराठी समजत होतं. त्यांनी दुसरी बाटली तिच्यापुढे ठेवली. "शीशी को क्या मालूम?" एवढंच म्हणाले आणि भट्टीकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून आत्या माझ्याबरोबर कामाला यायला लागली. तिनं खूण घेतली चिमणीच्या पावलाची, तीन बारीक रेघा. करंगळीवरून तिला बायका चिडवायच्या, मडम चहा प्यायला बसली म्हणून. ती चिडायची नाही, उलट पहिल्यांदाच कुणीतरी आपली थट्टा करतंय याचं तिला सुख होत असावं.

सोन्याचं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी मोठी निराशा झाली. काकवीसारखं तपकिरी, दाट, उग्र वासाचं. उस्तादांनी नमुन्याला म्हणून एका बाटलीला त्याची रेघ ओढली, ती अगदी चिखलाची दिसत होती. चंद्रीकाकी म्हणाली, "ह्येच्यापरीस आमच्या बांधावरचा चिखल बरा." दुसऱ्या दिवशी भट्टी थंड झाल्यावर त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं आणि लोखंडी दार उघडलं. आतल्या अंधारात एक पिवळी कडी लखलखत होती. बाटली दिसतच नव्हती, नुसती सोन्याची कडी अधांतरी. बायकांनी हात जोडले. खरंच जोडले, देवळात जोडतात तसे. मी तेव्हापासून पुष्कळ सोनं पाहिलं, माझ्या अंगावरही थोडंफार चढलं, पण त्या अंधारातल्या कडीनं माझ्या अंगावर जो काटा आला तो पुन्हा कुठल्याच सोन्यानं आला नाही. "कीचड किधर गया?" मी विचारलं. उस्ताद म्हणाले, "जल गया. सोना था, सोना रह गया."

सोन्याचं काम तोवर मुंबईलाच व्हायचं. शेठ म्हणाला, एक लॉट इथं करून बघू. चांगला निघाला तर सोनं कायमचं इथं, नाहीतर साधी रेघ आणि पानं-फुलं, तीही किती दिवस चालतील ते सांगता येत नाही. आणि नेमका त्याच सुमारास आत्याचा दीर आमच्या घरी आला. एस.टी.नं अंबाडीवरून आला होता. ओटीवर बसून त्यानं चहा बशीत ओतला आणि बोलायला लागला. त्याची बायको पुन्हा पोटुशी, दोन लहान पोरं, म्हशी, पुढे भाताची लावणी. घरात बाईमाणूस हवं. "वयनी आमच्या घरची. तुमच्याकडं राहून तुमच्यावर भार कशाला?" आत्या दाराआड उभी होती. तिच्या हातातला तांब्या मला दिसत होता. तिकडे गेली तर ती त्या गोठ्यातून पुन्हा बाहेर येणार नाही, हे घरातल्या प्रत्येकाला कळत होतं.

बाबा स्वभावानं मऊ. त्यांना नाही म्हणता येत नसे, त्यामुळे ते नेहमी मधलंच काहीतरी म्हणायचे. "बघा पाव्हनं, तिला कारखान्यात काम लागलंय. आता सोन्याचं काम येनार म्हनतात. ते आलं तर तिचा हात तिथं लागंल, मग ती न्हाय येत. न्हाय आलं तर तुम्ही घेऊन जा." दीर म्हणाला, बरं, महिन्याभरानं येतो, तेव्हा काय ते सांगा. तो गेल्यावर आई बाबांना खूप बोलली. बाबा पाय धुवायला विहिरीवर गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. आत्यानं मला पडवीत बोलावलं. "कमले," ती म्हणाली, "भट्टीचं दार किती दिसांनी उघडंल गो?" मला रडू आलं. माझ्या आत्याचं पुढचं सगळं आयुष्य आता त्या लोखंडी दारामागे जाऊन बसलं होतं.

शेवंता आमच्याच शेडमधली मुलगी, बाटलीच्या बुडाला मासोळीची खूण करायची ती. तिची हळद ठरली आणि सोन्याचा लॉट आला तो नेमका हळदीच्या दुसऱ्या दिवशी करायचा होता. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हळद संध्याकाळी, काम सकाळी, आणि लग्न तिकडे नवऱ्याच्या गावी. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. वडे, मटणाचा रस्सा, बेंजोवाले, आणि मांडवात बायकांची झुंबड. खोबरेलात कालवलेली हळद परातीत, प्रत्येकीनं पाची बोटं बुडवून नवरीला लावायची आणि उरलेली एकमेकींना. शेडमधल्या झाडून साऱ्या बायका होत्या, मीही होते. कोपरापर्यंत पिवळे हात. आणि आमच्या आळीत एक रीत अशी, की हळदीचे हात साबणानं घासायचे नाहीत. नुसते पाण्यात विसळायचे, नाहीतर नवरीच्या अंगावरचं तेज उतरतं. चंद्रीकाकी विहिरीवर उभी राहून प्रत्येकीला बजावत होती. "साबन लावलास तर बघ! पोरीचं वाटोलं करशील." मी घरी आले तेव्हा आत्या पडवीत बसून ऐकत होती. वाजंत्री तिथवर स्वच्छ ऐकू येत होती. तिच्यासाठी मी फडक्यात वडे आणले होते, ते तिनं घेतले आणि म्हणाली, "शेवंता कशी दिसत होती गो?"

सकाळी शेवंता सोडून आम्ही सगळ्या कामाला बसलो. उस्तादांनी डब्याचा खालचा खण उघडला, बाटली काढली आणि जो तो श्वास रोखून बसला. सोनं आलं म्हणून आदल्या दिवसापासून शेड झाडून, पाणी शिंपडून धूळ बसवलेली. प्रत्येकीला रेघेचं चाक, बाटली पुसायला स्पिरिट लावलेलं फडकं. आत्या कोपऱ्यात बसली होती. तिच्याजवळ कुणी बसत नसे, म्हणून तिचं फडकंही वेगळं होतं. हात आता सगळ्यांचेच बसले होते, महिनाभर साध्या रंगाच्या रेघा ओढून सांधा बऱ्याच जणींना जुळायला लागला होता. रेघ ओली म्हणून मी एकेक बाटलीची नुसती मान कागदात धरून ती उलटी करत होते, शिक्का मारत होते आणि मनातल्या मनात वज्रेश्वरीला नवस बोलत होते. संध्याकाळी भट्टी लागली. सगळ्या रेघा सारख्याच चिखलाच्या दिसत होत्या, कुणाची चांगली, कुणाची वाईट, काही सांगता येत नव्हतं.

भट्टी थंड व्हायला मधे एक दिवस गेला. दार उघडायला शेठ मुद्दाम मुंबईहून आला होता, पांढरा झब्बा, हातात रुमाल. उस्तादांनी दार उघडलं. पहिला ट्रे बाहेर आला आणि त्यांचा चेहरा उतरला. सोनं होतं, पण खाऊन टाकलेलं. रेघ मधेच तुटलेली, कुठं जांभळट डाग, कुठं पुरळ उठावं तसे ठिपके. आणि बाटलीच्या खांद्यावर, चाकावर ठेवताना जिथं धरली तिथं, अंगठे. लहान-मोठे, रेषारेषांसकट, सोन्यात उमटलेले. दुसरा ट्रे तसाच. तिसरा तसाच. शेठनं रुमालानं कपाळ पुसलं. मी आत्याकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटलेले.

मग कोपऱ्यातला ट्रे आला. उस्ताद तो हातात घेऊन तसेच उभे राहिले. पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं, ते त्या ट्रेवर पडलं आणि शेडच्या छपरावर सोन्याच्या कड्या हलायला लागल्या. एक डाग नाही, एक अंगठा नाही. रेघा इतक्या निर्मळ की त्या माणसानं ओढल्यात यावर विश्वास बसेना. शेठ पुढे आला. "हे कोणाचं?" त्यानं एक बाटली उचलून माझ्या हातात दिली. मी ती उलटी केली. चिमणीचं पाऊल. दुसरी उलटी केली. चिमणीचं पाऊल. साऱ्या ट्रेवर तेवढी एकच चिमणी नाचली होती.

"बाकी सब में तेल कहाँ से आया?" उस्ताद जरा चढ्या आवाजात म्हणाले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चंद्रीकाकीनं आपला तळवा नाकाशी नेला. हुंगला. मग शेजारणीचा हात ओढून तोही हुंगला. आणि माझ्या आयुष्यात मी त्या बाईचा आवाज इतका बारीक झालेला कधी ऐकला नव्हता. "हलद," ती म्हणाली. "उस्ताद, आमच्या हातांना शेवंताची हलद हाय. आम्ही साबन न्हाय लावला." आत्याकडे न बघता ती पुढे म्हणाली, "मथीचा हात हलदीला लागलाच न्हाय. आम्ही लागू दिला न्हाय."

शेठला हे सगळं समजावून सांगायला उस्तादांना वेळ लागला. शेठ हसेल असं मला वाटलं, पण तो विचारात पडला. एक बाटली या ट्रेतली, एक त्या ट्रेतली, शेजारी शेजारी धरून बघितली. "म्हणजे सोनं चांगलं हाय, भट्टी चांगली हाय, चाक चांगलं हाय," तो म्हणाला. "एकीला जमतंय म्हणजे इथं जमतंय. काम इथंच राहील. ह्या बाईला सोन्यावर बसवा, बाकीच्यांना ती शिकवेल. आणि हळद असली की दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या बाबा, मला परवडत नाय." बायका हसल्या, सुटल्यासारख्या, डोळे पुसत. फक्त आत्या हसली नाही. ती शेडच्या मागे गेली. मी धावत गेले. पेंढ्याच्या ढिगापाशी ती तोंडात पदर कोंबून रडत होती. "मी अपशकुनी म्हनून वाचली गो कमले," ती म्हणाली. "ह्येचा आनंद करू का काय करू?" मी तिला धरून बसले. तिचं रडणं थांबेपर्यंत सोडलं नाही.

दीर ठरल्याप्रमाणे आला. बाबा ओटीवर घसा खाकरत बसले होते, मधलं काहीतरी शोधत. आत्या कामावरून आली ती पडवीतून न येता पुढच्या दारानं आली. पाय धुतले नाहीत, पदर खांद्यावरून घेतला नाही. "भावजी, चा घेऊन जा," ती म्हणाली. "मी न्हाय येत. माजी ड्युटी हाय." एवढं बोलून आत गेली. आईनं आतून मुद्दाम भांडं आपटलं, तो तिचा हसण्याचा आवाज होता. त्या दिवशी आत्या आमच्या पंगतीत जेवली. कुणी तिला ये म्हणालं नाही. माझ्या धाकट्या भावानं नुसता पाट सरकवला आणि ती बसली. सुकटीचं कालवण होतं आणि वालाचं बिरडं. बाबांनी तिच्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली, आणि मग भात संपेपर्यंत मान वर केली नाही.

आता तिकडे गेलं तर ती शेड ओळखता येत नाही. खाजण बुजलं, गोदामं उभी राहिली, बांधाचा डांबरी रस्ता झाला. उस्ताद केव्हाच गेले. पण त्यानंतर बरीच वर्षं मुंबईतल्या कितीतरी बायकांच्या आरशापुढे माझ्या आत्याच्या हातची सोन्याची रेघ उभी होती. बाटली उलटी करून बघायचं कुणाला सुचलं असेल तर त्यांना तिच्या बुडाला चिमणीचं पाऊल दिसलं असेल. सुचलं नसेल तरी काही बिघडत नाही.

माझी हळद आली ती यानंतर काही वर्षांनी. आमच्याच अंगणात मांडव, तसलीच झुंबड, तसलेच बेंजोवाले. मी पाटावर बसले होते. आई पहिली हळद लावायला पुढे झाली, तेवढ्यात चंद्रीकाकीनं तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि गर्दीतून वाट काढत मागच्या पडवीत गेली. परत आली ती आत्याला दंडाला धरून ओढत. वाजंत्री थांबली. काही म्हाताऱ्या बायकांचे चेहरे आखडले, कुणीतरी "अगो, काय करतंस?" असंही म्हणालं. चंद्रीकाकीनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की पुढचा शब्द निघाला नाही. "मथे," ती म्हणाली, वाटी पुढे धरत, "आज पयला हात तुजा. लाव."

आत्यानं वाटीकडे बघितलं. तेलात तरंगणारी पिवळीधमक हळद. मग तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको गो बाय," ती म्हणाली. "परवा सोन्याचा लॉट हाय. माजं हात खराब होतील."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग आधी चंद्रीकाकी हसली, मग सगळा मांडव हसला, मग बघता बघता अर्ध्या बायका पदरानं डोळे टिपायला लागल्या. इतकी वर्षं जी हळद तिला दिली नव्हती, ती ती आता आपणहून नाकारत होती, आणि तिला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. पण मला ती हवी होती. मी पाटावरून हात लांब केला आणि तिच्या पदराचं टोक धरलं. "आत्या," मी म्हणाले.

तिनं हात पुढे घेतले. भट्टीतून आलेली बाटली तपासावी तसे उलटेसुलटे करून निरखले, एकेक बोट. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. मग डाव्या हाताची करंगळी वेगळी, उंच धरली.

"ही काचेला लागत न्हाय," ती म्हणाली, आणि ती करंगळी हळदीत बुडवली.

माझ्यासमोर ती उकिडवी बसली. तिच्या अंगाला भट्टीचा आणि स्पिरिटचा वास येत होता. उजव्या हातानं तिनं माझी हनुवटी धरली. "हलू नको," ती म्हणाली. "आता सावकास तोंड फिरव, चाकावानी." मी श्वास रोखला आणि मान वळवत गेले, आणि माझ्या एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत, कपाळावरून, तिनं एकच रेघ ओढली.